मैनेने जार खाल्ली तो श्रावण

वहिनीच्या गाईने स्वतःची जार खाल्ली, तेव्हा तिच्यावर लक्ष ठेवायला मी बसलो होतो.

जार म्हणजे वासरू झाल्यावर गाईच्या मागून जी पडते ती. शहरातल्या वाचकांनी याहून खोलात जाऊ नये. मी गेलो आणि माझं काय झालं ते पुढे येतंच आहे. आमच्याकडे गाय व्याली की तिच्याजवळ एक माणूस बसवतात. त्याचं काम एकच. जार पडली की उचलायची, गाईच्या तोंडाला लागू द्यायची नाही. त्याला अक्कल लागत नाही, ताकद लागत नाही, नुसतं लक्ष लागतं. निवृत्त भूगोलशिक्षकाला जमेल असं त्या गोठ्यात दुसरं काहीच नव्हतं, म्हणून वहिनीने बराच विचार करून ते काम मला दिलं होतं.

यंदाही श्रावण आला आणि त्याच्या पाठोपाठ बोलणीही आली. पुण्यात, तिसऱ्या मजल्यावर, मी सकाळी दुधाची पिशवी कापायला घेतो आणि मागे टीव्ही सांगत असतो, की दोन देशांमधल्या व्यापार कराराच्या बोलण्यांची आणखी एक फेरी झाली, वातावरण खेळीमेळीचं होतं, फक्त शेतीच्या मुद्द्यावर गाडी अडली आहे. दूध, मका, सोयाबीन. ही नावं ऐकली की माझा कात्रीचा हात थांबतो. पिशवीतलं दूध फार गप्प असतं. कुठल्या गोठ्यातलं, कुठल्या गाईचं, तिने सकाळी काय खाल्लं, एक अक्षर बोलत नाही. पातेल्यात ओतताना नुसतं पांढरं पांढरं होत जातं. खिडकीबाहेर पाऊस नसतो, ओला उजेड असतो, दुपार की सकाळ ते न सांगणारा. आणि मी पुन्हा वहिनीच्या गावी, पेठच्या पठारावर जाऊन उभा राहतो.

श्रावणात पेठचं पठार दिसत नाही, ऐकू येतं. पुणे-नाशिक रस्ता घरापासून हाकेच्या अंतरावर, पण धुकं उतरलं की तो गायब होतो आणि उरते फक्त गाड्यांची घरघर. कुठून आली, कुठे गेली, काही कळत नाही. बटाट्याच्या वावरात पांढरी-जांभळी फुलं आलेली असतात. चार सरींपुढची फुलं धुक्यात जातात आणि तिथून पुढे वावर आहे की नाही, हे विश्वासावर घ्यायचं. अशा हवेत एखादी गाय हंबरली की ती अगदी कानाशी हंबरल्यासारखी वाटते. वळून बघावं तर कोणी नसतं.

थोरला भाऊ गेल्यापासून घरात वहिनी एकटी आणि गोठ्यात सहा गाई. पुतण्या, विकास, चाकणला कंपनीत. तिथे त्याचा फ्लॅट, आणि त्या फ्लॅटमध्ये आईसाठी खोली तयार. खोलीला खिडकी आहे, तिला जाळी आहे, जाळीबाहेर दुसऱ्या फ्लॅटची जाळी आहे. वहिनी एकदा तिथे आठवडाभर राहून आली होती. आल्यावर म्हणाली, "भाऊजी, तितं सकाळी उठून करायचं काय त्येच कळंना. कोन हाकच मारीत न्हाई." हाक म्हणजे गाईंची. गाई आहेत तोवर तिला पेठ सोडता येत नव्हतं, आणि पेठ सोडायचं नव्हतं म्हणून तिला गाई हव्या होत्या. गाई गेल्या असत्या तर त्याच टेम्पोच्या मागोमाग वहिनीही चाकणला गेली असती. एवढा साधा हिशेब. तो मला माहीत होता. तरी मी तोंड बंद ठेवलं नाही.

त्याचं असं झालं, की मी नुकताच निवृत्त झालो होतो आणि मला ऐकायला वर्ग उरला नव्हता. पावसाळाभर राहतो म्हणून वहिनीकडे आलो, आणि पहिल्याच सकाळी तिच्याबरोबर गावातल्या दूध संकलन केंद्रावर गेलो. तिथे आयता वर्ग रांगेत उभा. प्रत्येकाच्या हातात किटली, यंत्रावर दुधाची फॅट लागेपर्यंत कोणालाही जाता येत नाही, आणि घंटा होत नाही. असा वर्ग मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता.

बोलणी चालू होतीच. मी मोबाइलवर वाचायचो आणि सकाळी रांगेत सांगायचो. पलीकडच्या देशात (नाव घेत नाही, त्या श्रावणापासून मी देशांची नावं जपून घेतो) गाईंच्या खाद्यात कत्तलखान्यात उरलेल्या रक्ताची, हाडांची भुकटी मिसळतात. आपलं म्हणणं, असल्या गाईचं दूध आमच्याकडे नको. त्यांचं म्हणणं, दूध ते दूध. शिवाय आयात शुल्क उतरलं की त्यांची दूध पावडर इकडे स्वस्तात येणार, ही भीती वेगळीच. माहिती काही खोटी नव्हती. तेवढीच सांगून गप्प बसलो असतो तर हा लेख लिहायची वेळ आली नसती. पण मी ज्वालामुखी शिकवताना टेबलाखालून उदबत्त्यांचा धूर काढणारा मास्तर.

मी आवाज खाली आणायचो. "गाय, बरं का. आपल्या गाईसारखीच गाय. गव्हाणीत तोंड घालते. आणि तोंड वर काढते, तेव्हा..."

इथे मी थांबायचो.

"तवा काय, मास्तर?" रांगेतला कोणीतरी विचारायचाच.

"ते तुम्हीच आणा डोळ्यांसमोर."

केंद्रावर फॅट लावणारा बबन एकदा वैतागून म्हणाला, "राव, रोज सकाळी उपाशी पोटी हे कशाला? दूध नासंल हितल्या हितं."

"जनजागृती," मी म्हणालो.

"जागं तर झोपंतबी ऱ्हायलोय आमी," बबन म्हणाला. "काल माझी बायको गाईच्या गव्हाणीत बॅटरी मारून बघत व्हती."

मला हे कौतुक वाटलं. मूर्ख माणसाला आपल्या यशाची खबर अशीच येते.

आणि आमच्या गोठ्यातली मैना तरी कुठली हो? काळीपांढरी, हाडापेराने दांडगी, चाऱ्याला खादाड. तिची आई पेठची, पण बाप कुठल्या देशातला हे डॉक्टरच्या नळकांडीलाच ठाऊक. परदेशी गाईंच्या नावाने मी केंद्रावर गळा काढायचो आणि घरी येऊन त्यांच्याच भाचीच्या दुधाचा चहा प्यायचो.

मैना व्याली ती भर दुपारी. पण दुपार म्हणायला तसा काही पुरावा नव्हता. धुकं गोठ्याच्या दारापर्यंत आलेलं, बाहेरचं जग तिथेच संपलेलं. कालवड झाली. वहिनी मैनेसाठी गुळाची बाजरी शिजवायला घरात गेली. जाताना म्हणाली, "भाऊजी, नदर हलवू नका."

मी मान हलवली. मग पोतं अंथरून बसलो आणि मोबाइल काढला. चर्चा चालू होती. एक टाय घातलेला गृहस्थ घसा ताणून सांगत होता, की प्रश्न शुल्काचा नाही, प्रश्न गाय काय खाते याचा आहे. मी मनातल्या मनात त्याला शाबासकी देत होतो. तेवढ्यात शेजारून आवाज आला. ओलं लुगडं कोणीतरी पाण्यातून सावकाश ओढून काढतंय, तसा.

मी मान वर केली. मैनेनेही केली.

तिच्या तोंडातून एक लांब, तांबूस पदर लोंबत होता आणि ती माझ्याकडे बघत होती. गाय बघते तसं नाही. आपण विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर मास्तरांना येत नाही हे ओळखलेलं पोर शेवटच्या बाकावरून बघतं, तसं. मग पदर थोडा आत गेला. आणखी थोडा गेला. तिच्या गळ्यावरून काहीतरी सावकाश खाली सरकताना दिसलं. हातातला गृहस्थ अजून बोलतच होता. मी त्याला बंद केलं तेव्हा गोठ्यात इतकी शांतता झाली, की नवी कालवड श्वास घेतेय तेही ऐकू यायला लागलं.

वहिनी बाजरीचं पातेलं घेऊन आली. तिने जमीन बघितली, गाय बघितली, मला बघितलं.

"जार?"

"पडली."

"कुठाय?"

मी मैनेकडे बोट केलं.

"येक काम व्हतं, भाऊजी."

"वहिनी, एक मिनिट फक्त..."

"त्या डबड्यात काय बघत व्हता येवढं?"

खोटं बोलायला सुचलं नाही. "परदेशातल्या गाई मांस खातात, ते."

वहिनी हातातलं पातेलं धरून उभी राहिली. पातेल्याची वाफ तिच्या तोंडावर येत होती. मग म्हणाली, "मग हितं बघायचं. फुकाट दिसत व्हतं."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. ती घाबरली होती. जार खाल्लेल्या गाईचं दूध आटतं, असं आमच्याकडे मानतात. मी विज्ञानाचं दोन वाक्यांत सांगून बघितलं. रानातल्या जनावरांत तर ही रीतच आहे, वास लागून वाघरू येऊ नये म्हणून, वगैरे. ती म्हणाली, "रानातल्या जनावराचं दूध केंद्रावर घालत न्हाईत." आणि खरी भीती तिथेच होती. मांस खाल्लेल्या गाईचं दूध बाटलेलं, हे गावाला शिकवणारा मीच. आता आमच्याच गोठ्यातली बातमी फुटली तर वहिनीची किटली बबन बाजूला ठेवेल, आणि ते ऐकून विकास त्याच संध्याकाळी टेम्पो आणेल.

गाव फसावं म्हणून एक गोष्ट करणं भाग होतं. ओढ्याकाठी वड आहे. गाय-म्हैस व्याली की तिची जार पोत्यात बांधून त्या वडाला टांगतात. वडाला चीक असतो, तसं गाईला दूध टिकावं, ही समजूत. मैना व्याल्याचं सगळ्यांना कळणार, आणि वडावर नवं पोतं दिसलं नाही तर लोक विचारणार. वहिनीने गोठ्यातला ओला पेंढा पोत्यात कोंबला, तोंड सुतळीने बांधलं आणि माझ्या हातात दिलं.

धुक्यात वड आधी दिसत नाही. आधी पोती दिसतात. अधांतरी. कुठलं जुनं, कुजून धागे सुटलेलं, कुठलं कालपरवाचं, बुडाशी काळपट. प्रत्येकातून थेंब पडत होता, पण पाऊस नव्हता. गावात गेल्या काही वर्षांत जन्मलेलं प्रत्येक वासरू तिथे आपली दुसरी बाजू टांगून गेलेलं. मी आमचं पोतं एका खालच्या फांदीला बांधलं आणि मागे सरलो. बाकीची पोती जड होती, खालून कोणीतरी धरून ठेवल्यासारखी स्थिर. आमचं तेवढं हलत होतं. वारा नव्हता. मी घरापर्यंत मागे न बघता चालत आलो. चालत आलो असं लिहितोय, कारण लेख छापून येणार आहे.

दुसऱ्या दिवशी वहिनीने खरवस केला. मला खरवस फार आवडतो, हे तिला लग्न होऊन आल्यापासून माहीत. ताटलीत दोन वड्या माझ्यापुढे ठेवल्या आणि स्वतः उंबऱ्यात बसून बघत राहिली. तिने घेतला नाही. वड्या पांढऱ्याशुभ्र. ताटलीत त्या हलत होत्या.

"खा की," वहिनी म्हणाली. "का तुमच्या नेमात बसत न्हाई?"

मी खाल्ला. गोड होता. नेहमीसारखाच, वेलदोड्याचा वास असलेला, जिभेवर विरघळणारा. काही वेगळं लागलं असतं तर माझी सुटका झाली असती. अजूनही पिशवी कापताना मला तीच चव आठवते. गाईने काय खाल्लं ते दुधात उतरत नाही की काय? की उतरतं आणि आपल्याला कळत नाही? त्या टेबलाभोवती बसलेल्या दोन देशांच्या माणसांनी कोणी असा खरवस खाल्ला असेल का?

आणि मैनेचं दूध आटलं नाही. उलट असं वाढलं, की वहिनीला दुसरी बादली घ्यावी लागली. धार काढताना ती पुटपुटायची, "कुठनं येतंय गं येवढं?" मैना रवंथ करत समोर बघत राहायची. त्या दिवसांत वहिनी मला कोरा चहा द्यायची. त्याचं कारण मी विचारलं नाही.

गावात मात्र दुसरंच काहीतरी आटायला लागलं होतं. आधी केंद्रावरची रांग आखडली. मग सकाळचे आवाज विरळ झाले. शेजारच्या गोठ्यातल्या दोन गाई गेल्या, पलीकडच्या वस्तीवरच्या चार. "पावडर आल्यावर गाय इकत कोन घेनार? आताच दोन पैसं सुटतील," असं म्हणत लोक गाई काढत होते. ज्याला त्याला आधी सुटायचं होतं. मी संध्याकाळी फिरायला निघालो की रिकामे गोठे लागायचे. खुंटे तसेच, दावी तशीच, दाव्याच्या फासाचा गोल तेवढा मानेच्या मापाचा राहिलेला. एका ओसाड गोठ्यात गळ्यातली घंटा खिळ्याला अडकवलेली होती. तिच्याजवळून जाताना मी दर वेळी पावलं हळू टाकायचो, ती वाजू नये म्हणून.

चिखलात बिबट्याचे ठसे उमटायचे. त्याचं आम्हाला नवल नाही. उसात त्याचं घर आहे आणि तो आमच्याइतकाच जुना रहिवासी. पण त्या श्रावणात ठसे गोठ्याच्या दारापर्यंत येऊन, आत जाऊन, तसेच परत जायचे. एका गोठ्यातून दुसऱ्या गोठ्यात. हजेरी घेत असल्यासारखे. आणि एका सकाळी वडाखालून येताना बघितलं तर आमचं पोतं नव्हतं. रक्तामांसाची सगळी जागेवर, पेंढ्याचं तेवढं नाहीसं. सुतळी फांदीला तशीच, गाठसुद्धा न सुटलेली. बिबट्याच असेल. दुसरं कोण असणार? मी वहिनीला सांगितलं नाही.

एवढं होईतो करार झालेला नव्हता. हे मला पुन्हा लिहू द्या. करार झालेला नव्हता. पावडरचं एक पोतं कुठे उतरलं नव्हतं. दूर कुठल्यातरी गार खोलीत माणसं पाण्याच्या बाटल्या पुढ्यात ठेवून बसत होती, उठत होती, पुन्हा बसायची तारीख ठरवत होती. आपल्याकडचे तर म्हणत होते, दुधाला हात लावू देणार नाही. आणि इकडे जे अजून आलंच नव्हतं, ते गावात शिरून, घराघरातून फिरून, जनावरं घेऊन गेलं होतं. बिबट्याचे निदान ठसे उमटतात. याचे ठसे शोधायला गेलं तर ते माझ्या चपलांचे निघाले असते, केंद्रापर्यंत आणि परत.

श्रावण संपता संपता एका दुपारी विकास आला. मागे टेम्पो, आणि टेम्पोत बेल्ह्याच्या गुरांच्या बाजारात उठबस असलेला व्यापारी, बाबूशेठ. पांढरी टोपी, खांद्यावर मोठा रुमाल, बोलणं लोण्यासारखं. विकासने आईला बाजूला घेतलं. "आई, समद्यांनी काढल्या. आपनच मागं ऱ्हायचं का? खोली तयार हाय तुझी."

वहिनी मैनेच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली.

मी पुढे झालो. "विकास, घाई करू नकोस. काही ठरलेलं नाही अजून. कदाचित दूध करारात येणारही नाही."

"काका, महिनाभर तुमीच सांगताय ना, येनार म्हनून?"

"ते मी जरा रंगवून..."

"मग आता ह्येबी रंगवूनच सांगताय," विकास म्हणाला. तीस वर्षांत प्रथमच विद्यार्थ्याने बरोबर पकडलं होतं.

आमच्याकडे जनावराचा सौदा तोंडाने होत नाही. व्यापारी आणि मालक हात हातात घेतात, वर रुमाल टाकतात, आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात. बाजूच्याला काही कळू नये, ही त्यातली खुबी. बाबूशेठने रुमाल टाकला. दोघं एकमेकांकडे बघून हसत होते, हवापाण्याचं बोलत होते, आणि मधे ते कापड हलत होतं. आत काहीतरी जिवंत कोंडलंय आणि बाहेर यायला वाट शोधतंय, तसं. मला एकदम वाटलं, टीव्हीवर रोज सांगतात ती गार खोली ती हीच. हसरे चेहरे, मिळवलेले हात, वरून कापड. आणि जिचा सौदा चाललाय ती दावणीला उभी राहून बघतेय. पाठीवर हात ठेवून वहिनी बघतेय.

कापड हलायचं थांबलं. विकासचा चेहरा पडला होता, तरी तो मान हलवायच्या बेतात होता.

वहिनी पुढे आली आणि तिने रुमाल ओढून काढला. असं कोणी करत नाही. बाईमाणूस तर नाहीच नाही. उघड्यावर पडलेले दोन हात एकमेकांत तसेच अडकून राहिले, उजेडात आलेल्या गोमेसारखे.

"किती म्हनायचं ह्ये?" तिने विचारलं.

विकासने हळू आवाजात सांगितलं.

"येका गाईचं?"

"सगळ्यांचं, आई."

बाबूशेठने हात सोडवून घेतला. "बाई, भाव म्या पाडला न्हाई. बेल्ह्याला जा, पिंपरी पेंढारला जा, ज्याला त्याला गाय इकायचीय. भायेरचं दूध येनार म्हनत्यात. तिकडच्या गाईंला मांस खाऊन वर सुळं फुटल्यात म्हनं. पेठचा कुनी मास्तर हाय, त्यानं सांगितलंय. लई शिकलेला मानूस हाय म्हनत्यात."

सुळे माझे नव्हते, एवढं मला शपथेवर सांगायचं होतं. पण कोणी विचारलं नाही. विकास माझ्याकडे बघत होता. वहिनी माझ्याकडे बघत होती. मैनेनेही मान वळवली. बाबूशेठ काय झालं ते न कळून एकेकाच्या तोंडाकडे बघत राहिला.

वहिनीने रुमालाची घडी घातली आणि त्याच्या खांद्यावर ठेवली. "ह्या भावात गाई जायच्या न्हाईत. मीबी जायची न्हाई."

"आवं, पन येवढ्या लांबनं आलोय," बाबूशेठ म्हणाला. "टेम्पो रिकामा न्यायचा का?"

"रिकामा कशापायी?" वहिनी म्हणाली. "त्यो मास्तर ह्यो उभा हाय. घाला टेम्पोत. खात्यात लई, देत काय न्हाईत, आन् दिवसभर हंबरत्यात."